सील न तोडता निवडलेलं कार्ड

रंगनाथरावांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नाही, आणि त्यांनी घेतलेली एकही वस्तू वेळेवर घरात आली नाही. प्रेशर कुकरचा विषय अक्षय्य तृतीयेला निघाला आणि कुकर दसऱ्याला आला. मधले सहा महिने संध्याने पातेल्यावर परात झाकून डाळी शिजवल्या. कुकर उत्तम निघाला, हे रंगनाथराव अजून सांगतात. डाळी कुणी शिजवल्या ते सांगत नाहीत.

आम्ही इंदिरानगरात एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. त्यांचं दार दिवसभर उघडं, आमचंही उघडं. त्यामुळे मला त्यांच्या घरात डोकवावं लागत नाही. भाजी निवडायला बसलं की सगळं आपोआप दिसतं.

रंगनाथराव ओझरच्या विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्समध्ये तपासणीला होते. बाहेरून आलेला माल मोजायचा, मापायचा, कागदाशी ताडायचा आणि बरोबर असला की पेटीला सील लावायचं. सील लागलं की ती पेटी कुणी उघडायची नाही, खुद्द साहेबांनीसुद्धा नाही. विमानाच्या बाबतीत हे ठीकच. तिथे एक वायसर चुकला तर माणूस आभाळातून खाली येतो. पण रंगनाथरावांनी हा सगळा कायदा घरी आणला. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, समितीच्या सह्या. कोथिंबिरीच्या जुडीलाही ते तीन ठिकाणी भाव विचारत. आमची भाजीवाली नवसाबाई त्यांना लांबून येताना पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, “संपली साहेब.”

लग्नही त्यांनी असंच केलं. संध्याच सांगते, “ताई, अकरा मुलींचा तक्ता केला होता ह्यांनी. मी चौथी. पहिल्या तिघींनी नकार दिला म्हणून माझी ऑर्डर निघाली.” हे सांगताना ती हसते. रंगनाथराव मात्र गंभीरपणे दुरुस्ती करतात, “तिघींनी नाही, दोघींनी. एकीची पत्रिका जमली नाही.”

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. रंगनाथरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा अमित हैदराबादला नोकरीला लागला होता आणि त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरात पडून होता. पंचेचाळिसाव्या वर्षी संध्याने डीटीपीचा क्लास लावला. बारशाच्या पत्रिका, दुकानांची पावतीबुकं अशी लहानसहान कामं करत करत तिचा हात बसला. आणि गौरी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी समाजाचे अध्यक्ष स्वतः घरी आले.

आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी भरतो. त्याची सूचिका निघते: सहाशे मुलामुलींचे फोटो, शिक्षण, उंची आणि ‘अपेक्षा’. (अपेक्षांबद्दल काय बोलावं! स्वतः बारावी नापास असलेल्या मुलालाही ‘सुशिक्षित, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष, एकत्र कुटुंबाची आवड असणारी’ हवी असते. हे चारही गुण एका बाईत असले, तर ती त्याच्याशी का लग्न करेल, एवढं कुणी विचारत नाही.) आजवर ही सूचिका नाशिकरोडच्या एका छापखान्यात जुळायची. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, यंदा तुम्ही करा. दहा डिसेंबरला पानं छपाईला गेली पाहिजेत. काम चांगलं झालं तर दरवर्षी तुमचंच.”

संध्याचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. एवढी वर्षं ‘अमितची आई’ आणि ‘रंगनाथरावांच्या मिसेस’ म्हणून वावरलेल्या बाईला कुणी तरी तिचं म्हणून काम देत होतं.

पण एक अडचण होती. समाजाचे सचिव मूळ फॉर्म कार्यालयाबाहेर द्यायला तयार नव्हते. ओझर, पेठ, हरसूल, जिथून म्हणून फॉर्म आले ते सगळे स्कॅन करून त्यांनी सीडीवर घालून दिले. म्हणजे संध्याने पडद्यावर फॉर्म उघडायचा, वाचायचा, लक्षात ठेवायचा, बंद करायचा, मग पान उघडून टाइप करायचं. उंची विसरली की पुन्हा फॉर्म. गोत्र विसरलं की पुन्हा फॉर्म.

“ह्याला दोन मॉनिटर लागतात ताई,” ती म्हणाली. “एकावर फॉर्म, एकावर पान. क्लासच्या सरांकडे तसंच आहे.”

मॉनिटर मिळाला. दूध बाजारात नजीरभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा त्यांनी तिथले मॉनिटर उचलले होते, त्यातला एक संध्याने आणला. आणून शिलाई मशीनवर ठेवला आणि त्याला उशीचा अभ्रा घातला. आता हवं होतं फक्त एक कार्ड, जे कॉम्प्युटरच्या आत बसतं आणि दुसऱ्या मॉनिटरला चित्र पुरवतं. ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. नजीरभाई म्हणाले होते, “भाभी, मशीन खोलून बघतो, काय बसतंय ते, आणि लावून देतो. अर्ध्या तासाचं काम.”

संध्याची चूक एवढीच, की ती हे घरी येऊन बोलली.

“अर्ध्या तासात?” रंगनाथराव म्हणाले. “अर्ध्या तासात पंक्चर काढतात. ही तांत्रिक खरेदी आहे.”

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडून मागणीपत्र लिहून घेतलं. ‘दुसऱ्या मॉनिटरची आवश्यकता का?’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘मान दुखते.’ ते शेरा मारून परत आलं: ‘तांत्रिक कारण द्यावे.’ तिने पुन्हा लिहिलं. मग समिती नेमली. अध्यक्ष रंगनाथराव, सभासद आमचे हे, आणि हैदराबादहून फोनवर अमित. संध्या समितीत नव्हती. “मागणी करणाऱ्याने निर्णयात बसायचं नसतं,” रंगनाथरावांनी मला समजावलं, “हितसंबंध येतात, वहिनी.”

आमचे हे वीज मंडळातले. समितीच्या पहिल्या बैठकीला ते लेंगा बदलून गेले, यावरून त्यांनी ते किती मनावर घेतलं होतं ते कळावं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कार्डाला पंखा आहे? मग बिल वाढेल.” तो प्रश्न तक्त्यात स्वतंत्र रकाना होऊन बसला.

कॉलेज रोड, शालिमार, सीबीएस, एक दुकान सोडलं नाही रंगनाथरावांनी. चौदा कार्डांचा तक्ता झाला. मेमरी किती, मॉनिटर किती लागतात, पंखा आहे की नाही, गॅरंटी किती, विक्रेत्याची वागणूक कशी. प्रत्येक दुकानदार त्यांना एकच गोष्ट विचारायचा, “काका, तुमच्या मशीनमध्ये मदरबोर्ड कुठला आहे?”

रंगनाथराव म्हणायचे, “उत्तम आहे.”

अमितही फोनवर ओरडायचा. तो स्पीकरवर असायचा, त्यामुळे समितीबरोबर मीही ऐकायचे. “बाबा, सगळी कार्डं सगळीकडे बसत नाहीत. आत खाच कुठली आहे ते बघा. झाकण उघडा नुसतं!”

“सील आहे,” रंगनाथराव म्हणायचे.

कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे, झाकणाच्या कडेवर, विक्रेत्याने तिकिटाएवढा कागद चिकटवला होता: सील तुटल्यास गॅरंटी रद्द.

“बाबा, ते दुकान बंद पडलंय! तिथे आता सँडविच मिळतं!”

“दुकान बंद पडलं म्हणून सील खोटं होत नाही अमित. हाच तर फरक आहे तुमच्या पिढीत.”

आमचे हे गंभीरपणे मान हलवायचे. मी शेवग्याच्या शेंगा सोलत असायचे, नाही तर मलाही एखादा प्रश्न विचारायचा होता.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. संध्या एकाच पडद्यावर फॉर्म उघडत होती, मिटत होती. सहाशे बारा फॉर्मांपैकी तुळशीच्या लग्नापर्यंत एकशे चाळीस झाले. तेवढी पानं तिने नमुना म्हणून अध्यक्षांकडे पाठवली, आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्ष तणतणत आले.

“वहिनी, हे बघा काय झालंय! पेठचा हा मुलगा, तलाठी आहे, चौतीस वर्षांचा. ह्याच्यापुढे काय लिहिलंय? ‘रंग गोरा, भरतकामाची आणि रांगोळीची आवड’! ह्याचे वडील माझ्या घरी येऊन बसलेत!”

फॉर्म मिटून पान उघडेपर्यंत वरच्या मुलीची ओळ खालच्या मुलाला लागली होती. संध्याने मान खाली घातली. अध्यक्ष तसे मनाने बरे, पण म्हणाले, “आता पुन्हा असं झालं तर मी पानं छापखान्याला देणार. नाइलाज आहे. समाजाचा प्रश्न आहे.”

ते गेल्यावर रंगनाथराव म्हणाले, “तरी मी सांगत होतो, घाई करू नकोस.”

त्या दिवशी संध्याने त्यांना जेवायला वाढलं, पण स्वतः ताटावर बसली नाही. मला एवढंच म्हणाली, “ताई, पंचवीस दिवस उरलेत. चारशे सत्तर फॉर्म. दहा तारखेला मी हातात काय देऊ त्यांना? तक्ता?”

आणि रंगनाथराव मुंबईला निघाले. नाशिकच्या बाजारावर त्यांचं समाधान झालं नव्हतं. बहिणीकडे उतरून तीन दिवस तिथला बाजार पाहायचा आणि समितीने पहिल्या क्रमांकाचं ठरवलेलं कार्ड घेऊनच यायचं, असा बेत. जाताना फाइल पिशवीत घातली, आमच्या ह्यांची सही घेतली, आणि दारात उभं राहून संध्याला म्हणाले, “मी येईपर्यंत कशाला हात लावू नको.”

रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि संध्याने फोन उचलला. तासाभराने तिने मला हाक मारली.

“ताई, जरा येता का? आणि येताना नेलकटर आणा.”

गेले तर नजीरभाई आले होते. जमिनीवर फडकं पसरून, स्क्रू-ड्रायव्हर मांडून उकिडवे बसले होते, पण डब्याला हात लावत नव्हते.

“भाभी, सील मी नाही तोडणार,” ते म्हणाले. “रंगनाथशेठनी मला तीनदा बजावलंय. उद्या माझ्या नावाने तक्ता काढतील. मला धंदा करायचाय गावात.”

“मी तोडते,” संध्या म्हणाली.

ती डब्यामागे वाकली आणि थांबली. मला वाटलं, कच खाल्ली. एकतीस वर्षांचा कायदा होता तो, आणि बाईने त्यात बावीस वर्षं काढली होती. पण ती चष्मा वर करून कागद वाचत होती.

“ताई, हे बघा. खाली गॅरंटी संपायची तारीख आहे. चौदा जून दोन हजार तीन.”

मी वाकून पाहिलं. तारीख निळ्या शाईत होती, आणि पुढे एक आखूड, टोकदार सही.

“हे अक्षर रंगनाथरावांचं आहे,” मी म्हटलं.

“सहीपण त्यांचीच. मशीन घरी आलं त्या दिवशी तपासून केली असणार.” संध्याने तारखेवरची धूळ बोटाने पुसली. “म्हणजे गॅरंटी संपून अडीच वर्षं झाली हे त्यांना माहीत होतं.”

नजीरभाई फडक्याची घडी नीट करू लागले. नवरा-बायकोच्या गोष्टीत आपण नसलेलं बरं, असा त्यांचा चेहरा.

संध्याने नेलकटरच्या टोकाने कागद कडेने उचलला आणि चर्रकन ओढला. त्याबरोबर झाकण आपल्या आपण निसटून खाली पडलं. आम्ही दोघी दचकलो. नजीरभाईंनी भोकात बोट घालून पाहिलं आणि हसायलाच लागले.

“या अल्ला! स्क्रूच नाहीये भाभी! दुकानदाराने लावलाच नाही. तीन वर्षं झाकण ह्या कागदावर उभं होतं!”

मग त्यांनी बॅटरी मारली. आत धुळीची गोधडी. फुंकर घालून त्यांनी बोटाने दाखवलं. “हे बघा. ही पांढरी खाच जुन्या, लहान कार्डाची. आणि शेठ जी कार्डं बघत फिरतायत ना, नवी, मोठी, त्यांची खाच तपकिरी असते. ती इथे पाहिजे.”

‘इथे’ नुसतीच जागा होती. बारीक बारीक भोकांच्या दोन रांगा आखलेल्या, वर काही नाही. प्लॉट पाडून ठेवलेला, पण घर बांधलंच नाही, तसं.

“बोर्ड स्वस्तातला आहे. कंपनीने खाच बसवलीच नाही.”

“म्हणजे त्या चौदांपैकी कुठलं बसेल?” मी विचारलं.

“एकपण नाही.”

संध्या खुर्चीवर बसली. हसली नाही, चिडलीही नाही. “दोन महिने,” एवढंच म्हणाली. तिची मान दुखायची ती जागा तिने हाताने दाबली.

नजीरभाई स्कूटर काढून दुकानात गेले आणि ड्रॉवरमधलं एक जुनं, तळहाताएवढं कार्ड घेऊन आले. ते पांढऱ्या खाचेत बसवलं. जुना मॉनिटर मशीनच्या आपल्या जागेला, नवा मॉनिटर या कार्डाला. चालू करून काहीबाही सेटिंग केलं, आणि अभ्रा उतरवलेला शिलाई मशीनवरचा मॉनिटर निळा उजळला. अर्धा तास म्हणाले होते, पाऊण लागला. दहा मिनिटं हसण्यात गेली होती.

संध्याने माउस सरकवला. डाव्या पडद्यावरचा बाण कडेला गेला, नाहीसा झाला आणि उजव्या पडद्यावर निघाला. तिने तो परत आणला. पुन्हा नेला. पाच-सहा वेळा तरी तिने तो बाण इकडून तिकडे नेला असेल. मग पदर खोचला आणि फॉर्म नंबर एकशे एकेचाळीस उघडला.

तीन दिवसांत ऐंशी फॉर्म झाले. जेवण आमच्याकडून जात होतं. चौथ्या दिवशी सकाळी रंगनाथराव परतले, हातात नव्याकोऱ्या कार्डाचा खोका. दारातून त्यांना दोन पेटलेले पडदे दिसायला हवे होते. पण माणूस आधी डब्याच्या मागे गेला.

“सील कुणी तोडलं?”

“मी,” संध्या म्हणाली. बोटं चालूच.

“कुणाच्या परवानगीने?”

“चौदा जून दोन हजार तीनच्या.”

बावीस वर्षांत त्यांना गप्प झालेलं मी प्रथमच पाहिलं, आणि कबूल करते, मेथीची जुडी खाली ठेवून पाहिलं. त्यांनी खोका टेबलावर ठेवला, उघड्या डब्यात वाकून ती रिकामी जागा पाहिली. कुणी सांगायची गरज पडली नाही. एकतीस वर्षं माल तपासलेला माणूस, खाच नाही हे त्यांना बरोबर कळलं. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग फाइल काढून तिच्यापुढे धरली.

“मी कार्योत्तर मंजुरी देतो. तू इथे सही कर.”

“मला मंजुरी नको,” संध्या म्हणाली. “आणि सही पण नाही करणार. बसा इथे स्टुलावर. हा हरसूलचा फॉर्म. उंची पाच-आठ लिहिलीय की पाच-तीन? मला अक्षर लागत नाही.”

फाइल हवेत तशीच राहिली. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला.

“पाच-तीन. आठाची गाठ वर असते.”

“बघा पुढचा.”

ते उठलेच नाहीत. ती टाइप करायची, ते डावीकडचा फॉर्म आणि उजवीकडचं पान ताडायचे. आणि इथे मला माझे शब्द थोडे गिळावे लागतात. ताडून पाहण्यात त्या माणसाचा हात धरणारा नाशकात कुणी नसेल. एकाच मुलाने ओझर, पेठ आणि नाशिक अशा तीन ठिकाणांहून फॉर्म भरले होते. तिन्हीत फोटो निराळा, पगार निराळा, उंची निराळी. रंगनाथरावांनी त्याला जन्मवेळेवरून पकडला. “हा एकच माल तीन पेट्यांतून आलाय!” असे ओरडले, की मला वाटलं कारखान्यात चोर सापडला. मधूनच त्यांना प्रत्येक पानावर तीन सह्यांचा रकाना घालायची लहर यायची. तेव्हा संध्या म्हणायची, “चहा करा,” आणि ते उठायचे.

नऊ डिसेंबरला पानं छपाईला गेली. एक दिवस आधी.

मेळाव्यात अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं, “श्री. रंगनाथरावांच्या अत्याधुनिक संगणक यंत्रणेमुळे यंदा सूचिकेत एकही चूक नाही,” आणि त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. रंगनाथरावांनी ते घेतलं. एवढंच नाही, तांत्रिक खरेदीतले धोके या विषयावर अकरा मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्या दाराशी टेबल मांडून सूचिका वाटत होती. तिला आयोजकांनी गुलाबाचं एक फूल दिलं होतं, ते तिने सूचिकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं, कागद उडू नयेत म्हणून.

“काही वाटत नाही का गं तुला?” मी विचारलं.

“वाटतं ना,” ती म्हणाली. “थांबा.”

कार्यक्रम संपताना अध्यक्ष एक सीडी घेऊन टेबलापाशी आले. उशिरा आलेले फॉर्म होते, पुढच्या वर्षीसाठी. त्यांनी ती सवयीने रंगनाथरावांपुढे केली. “रंगनाथराव, पुढचंही तुमच्याकडेच बरं का!”

रंगनाथरावांचा हात शालीतून बाहेर आला. त्याच्या आधी संध्याचा पोचला होता.

“इकडे द्या,” ती म्हणाली. “आणि अध्यक्षसाहेब, यंदासारखं गौरी उठल्यावर नाही चालणार. फॉर्म ऑगस्टमध्ये पाहिजेत. मूळ फॉर्म, सीडी नको. आणि पहिल्या पानावर माझं नाव, पूर्ण.”

अध्यक्ष रंगनाथरावांकडे बघू लागले.

“तिकडे काय बघता?” संध्या म्हणाली. “ते तपासणीला असतात.”

अध्यक्षांनी मान हलवली. रंगनाथरावांनी खांद्यावरून घसरलेली शाल सावरली, घसा खाकरला आणि जरा हळू आवाजात म्हणाले, “संध्या, सीडी मिळाल्याची पोच दे त्यांना.”

“तुम्ही द्या,” ती म्हणाली आणि पुढच्या माणसाच्या हातात सूचिका ठेवली.